मिरजेच्या पुढची वाट

कोल्हापूरला रूळ संपतात. पुण्या-मुंबईहून आलेली गाडी छत्रपती शाहू महाराज टर्मिनसच्या फलाटाला लागली की तिला पुढे वाट नाही. आली तशी मिरजेला परतायचे. म्हणून कोल्हापूरच्या रेल्वेचा इतिहास सांगायचा तर निम्मा मिरजेचा सांगावा लागतो. मिरजेतून एक वाट पुण्याला जाते, दुसरी बेळगावकडे आणि तिसरी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला. पहिल्या दोन वाटांचे कौतुक सगळ्यांनाच आहे. तिसरी मात्र किती वेळा मागे पडली, बंद झाली, पुन्हा उघडली आणि उघडल्यावरही गाड्यांची वाट बघत राहिली, हे फारसे कोणी सांगत नाही.

सुरुवात कोल्हापूर संस्थानापासून करावी लागते. ३ मे १८८८ रोजी कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाचा आरंभ शाहू महाराजांच्या हस्ते झाला. महाराज तेव्हा चौदा वर्षांचेही नव्हते. राज्यकारभाराची सूत्रे हाती यायला अजून सहा वर्षे होती. १८९१ मध्ये लाइन सुरू झाली. मीटरगेज, लांबी सुमारे ४७ किलोमीटर. पैसा संस्थानाचा आणि गाड्या चालवायच्या सदर्न मराठा रेल्वेने, अशी वाटणी होती.

एवढ्याशा लाइनीवर पुढच्या काळात जे उभे राहिले ते पाहण्यासारखे आहे. १८९५ मध्ये स्टेशनच्या जवळ शाहूपुरीची पेठ वसली आणि गुळाच्या व्यापाराला रेल्वेचा आधार मिळाला. १९१७ मध्ये महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावाने जयसिंगपूर वसवले, तेही रुळाला लागून. कोल्हापूरजवळच्या एका थांब्याचे नावच ‘गूळ मार्केट’ आहे. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती, त्यात बहुतेक बायका आणि मुले. सैबेरिया, मध्य आशिया, इराण असा फेरा करून निघालेली ही माणसे शेवटी पंचगंगेकाठच्या या छोट्या स्टेशनावर उतरली.

शाहू महाराजांना एक गोष्ट नेमकी कळली होती. रूळ टाकले की गाडी आपोआप भरत नाही, तिला माल आणि माणूस द्यावा लागतो. पेठ आधी वसवायची की रेल्वे आधी आणायची, या वादात न पडता त्यांनी दोन्ही कामे एकमेकांच्या जवळ आणून ठेवली. मिरजेच्या पलीकडच्या वाटेवर ही जोडणी करायला मात्र शंभर वर्षांत कोणी सलग उभे राहिले नाही.

ती वाट घातली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने. १८८२ मध्ये तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. जीआयपीची मुख्य लाइन बार्शी गावाला दूर ठेवून गेली होती. मुख्य लाइनीवरच्या स्टेशनाला ‘बार्शी रोड’ म्हणत, तेच आजचे कुर्डुवाडी. बार्शीचा कापूस तिथवर बैलगाड्यांतून जायचा. मोठ्या रेल्वेचा खर्च झेपणार नाही तिथे हलक्या रेल्वेने काम भागेल, असे कॅलथ्रॉपचे म्हणणे होते, आणि ते सरकारला पटवण्यात त्याची कित्येक वर्षे गेली. शेवटी १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली.

रुळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे नॅरोगेज. सगळा हिशेब एका आकड्यावर बेतलेला: कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. इंजिन असो की वाघीण, भार सारखा वाटायचा. तेवढे सांभाळले की हलके रूळ आणि हलके पूल चालतात, आणि तरी वाघीण चांगली मोठी बांधता येते. लीड्सच्या किटसन कारखान्यात आठ चालकचाकांची इंजिने तयार झाली, पोलादी पत्रा दाबून घडवलेल्या वाघिणी लीड्स फोर्जने केल्या. बार्शीला पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे खास चाचणीचा रूळ टाकून तज्ज्ञांना त्या चालवून दाखवल्या. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी पहिली गाडी धावली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. लातूर ते मिरज सलग सुमारे ३२५ किलोमीटर. लाइन मिरजेला भिडली त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला.

१९२७ मध्ये कोल्हापूरच्या वारकऱ्याला पंढरपूरची रेल्वे मिळाली, पण थेट नाही. कोल्हापूरहून मीटरगेजने मिरज, तिथे उतरून बोचकी डोक्यावर घ्यायची आणि नॅरोगेजच्या फलाटावर जायचे. मग आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला. यातले जत रोड हे नावच सगळे सांगते; जत गाव तिथून बरेच लांब. माणदेशाच्या कोरड्या मुलखातून ही छोटी गाडी सावकाश जायची. आषाढी-कार्तिकीला तिच्यावर वारकऱ्यांची रीघ लागे, डबे पुरत नसत, तेव्हा मालाच्या वाघिणींतूनही माणसे नेली जात. वर्षातले काही दिवस ओसंडून वाहणारी आणि उरलेले दिवस जेमतेम चालणारी ही लाइन होती, आणि हे दुखणे तिला शेवटपर्यंत चिकटून राहिले.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने बार्शी लाइट ताब्यात घेतली. तोवर १९४८ मध्ये सुरू झालेली एसटी खेडोपाडी पोहोचू लागली होती. जतच्या माणसाला जत रोडपर्यंत जाऊन गाडीची वाट पाहण्यापेक्षा गावातूनच एसटी धरणे सोपे होते. नॅरोगेज मागे पडली ती एसटीने तिच्यावर मात केली म्हणून नाही. १९२७ ची गाडी तशीच्या तशी ठेवून कोणी तिच्यात भर घातली नाही, म्हणून ती मागे पडली.

पुण्याच्या बाजूला चित्र वेगळे होते. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झाले आणि मुंबईचा प्रवासी डबा न बदलता कोल्हापुरात येऊ लागला. बेळगावकडची लाइन मीटरगेजच राहिली, पंढरपूरची नॅरोगेज. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे मिरज जंक्शनात तीनही गेजच्या गाड्या नांदत होत्या. रेल्वेचे फोटो काढणारे लोक लांबून हे बघायला येत. हमालाच्या पाठीला मात्र त्यात कौतुक करावे असे काही नव्हते. एका गेजच्या वाघिणीतले पोते दुसऱ्या गेजच्या वाघिणीत चढवायचे म्हणजे वेळ, मजुरी आणि नुकसान, तिन्ही आले. गुळाची ढेप एकदा जास्त उचलली की एकदा जास्त फुटते. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने मराठवाड्याकडे रेल्वेने माल पाठवायचा विचार सोडून ट्रक धरला, त्याचे कारण इथे आहे.

देशभर एकच गेज करायचे धोरण १९९० च्या दशकात आले तेव्हा मिरज-लातूर मार्गही यादीत आला. यादीत येणे आणि काम होणे यांत केवढे अंतर असते ते या लाइनीने दाखवले. काम तुकड्यातुकड्याने झाले. कुर्डुवाडी-पंढरपूर २००२ च्या सुमारास ब्रॉडगेज झाले. लातूर-उस्मानाबाद २००७ मध्ये, उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ मध्ये. जुनी छोटी लाइन उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, वळसा घालून जात होती. नवी लाइन शहराला लागून काढली आणि जिल्ह्याच्या ठिकाणाला पहिल्यांदा रेल्वे मिळाली. कोल्हापूरच्या दृष्टीने महत्त्वाचा मिरज-पंढरपूर टप्पा सगळ्यांत शेवटी, २०१०-११ मध्ये पुरा झाला.

गेज बदलायचे तर जुनी गाडी बंद करावी लागते. त्या काळात ढालगाव, सलगरे, जत रोड या स्टेशनांवरून गाडीच जात नव्हती. जुने रूळ उखडलेले, नव्या भरावावर खडी पडायची बाकी. महानगरात असे चार दिवस झाले तरी ओरड होते. इथल्या माणसांनी रोजच्या प्रवासाचा दुसरा बंदोबस्त केला आणि त्यातल्या पुष्कळांची रेल्वेची सवय तिथेच सुटली. नवी लाइन उघडली ती या अवस्थेत: रूळ चकचकीत, प्रवासी विखुरलेले.

आणि मग खरा प्रश्न आला. गाड्या कुठून आणायच्या?

नवा मार्ग उघडला म्हणजे गाड्या येतीलच, असा सर्वसाधारण समज असतो. रेल्वेत तसे होत नाही. गाडी म्हणजे डब्यांचा एक रेक. तो कुठल्या तरी डेपोचा असतो. त्याची धुलाई आणि तपासणी ठरल्या पिट लाइनवर, म्हणजे डब्यांखाली शिरून तपासता येईल अशा रुळावर, ठरल्या वेळी व्हावी लागते. रोजची लांब पल्ल्याची एक गाडी चालवायची तर एक रेक पुरत नाही, दोन-तीन लागतात, कारण एक जात असतो तेव्हा दुसरा येत असतो. शिवाय इंजिन, चालक, गार्ड आणि एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यापुरती मोकळी जागा. एवढे सगळे जुळले तर वेळापत्रकात एक ओळ वाढते. म्हणून नव्या गाडीची मागणी आली की रेल्वे आधी जुन्यातच बघते: एखादा रेक कुठे दिवसभर रिकामा उभा आहे का, एखादी गाडी पुढच्या गावापर्यंत वाढवता येईल का.

वाढवण्याचा उपाय कागदावर सोपा दिसतो, पण ज्यांची गाडी वाढते त्यांना तो झोंबतो. २०१७ मध्ये मुंबई-लातूर एक्स्प्रेस बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले. आपल्या स्टेशनात रिकामी मिळणारी गाडी आता भरून येणार, हा त्यांचा राग होता. शेवटी आठवड्यातले काही दिवस लातूर, काही दिवस बिदर अशी वाटणी झाली. मराठवाड्याच्या बाजूने हा राग रास्त होता आणि बिदरची गरजही खोटी नव्हती. रेक पुरेसे नसले की दोन गरजू गावे एकमेकांसमोर उभी राहतात.

कोल्हापूरच्या वाट्याला या नव्या मार्गाने ज्या गाड्या आल्या त्यांत सोलापूरची गाडी होती, आठवड्यातून दोनदा नागपूर होती आणि आठवड्यातून एकदा धावणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेस. ही कोल्हापूरहून निघून पंढरपूर, लातूर, परळी, नागपूर, गया करत धनबादला जाते. तिच्या वाटेकडे जरा थांबून बघावे. शाहू महाराजांच्या स्टेशनातून ती निघते. लगेच हातकणंगले तालुक्यातून जाते, जिथल्या माणगावात मार्च १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती आणि महाराजांनी तिथे जमलेल्यांना, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे सांगितले होते. पुढे पंढरपूर, पुढे १९५६ च्या धम्मदीक्षेचे नागपूर, त्यापुढे बोधगयेचे गया. अशी गाडी आठवड्यातून एकदाच धावावी, हे मनाला पटत नाही. त्यापेक्षा साधी असलेली मिरज-परळी गाडी छोट्या स्टेशनांवर थांबत जाते आणि आरग-बेळंकीच्या माणसांचा खरा आधार तीच आहे.

या मार्गाकडे साऱ्या देशाचे लक्ष गेले ते २०१६ च्या उन्हाळ्यात.

लातूरला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये शहरातल्या पाणी भरण्याच्या जागांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. चार लाखांच्या वर वस्तीच्या शहराला टँकर पुरे पडेनात. तेव्हा कृष्णेचे पाणी मिरजेहून रेल्वेने न्यायचे ठरले. आता पाणी होते, रूळ होते, गाडी नव्हती. पाणी वाहायच्या गाड्या रेल्वेकडे तयार नसतात. तेल वाहणाऱ्या टाकीच्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात नेऊन वाफेने आतून धुतल्या, पिण्याचे पाणी भरण्याजोग्या केल्या आणि पन्नास वाघिणींचा रेक मिरजेकडे रवाना झाला.

मिरजेत दुसरी अडचण उभी होती. एका वाघिणीत सुमारे ५०,००० लिटर पाणी मावते. पन्नास भरायच्या म्हणजे २५ लाख लिटर, आणि तेवढे पाणी रोज यार्डापर्यंत पोहोचवील अशी वाहिनी नव्हती. रेल्वेची स्वतःची पाणीयोजना मिरजेत होती, पण तिच्यातून एकदम एवढे निघणे शक्य नव्हते. म्हणून सुरुवात दहा वाघिणींनी झाली. ११ एप्रिलला पाच लाख लिटर घेऊन गाडी निघाली आणि १२ तारखेच्या पहाटे लातूरला पोहोचली. इकडे मिरजेत जुन्या हैदरखान विहिरीपासून यार्डापर्यंत नवी वाहिनी टाकण्याचे काम रात्रंदिवस चालू होते. ती पुरी झाल्यावर एप्रिलच्या उत्तरार्धात पन्नास वाघिणींची पूर्ण गाडी सुटली. लातूरला स्टेशनजवळच्या एका मोठ्या विहिरीत पाणी उतरवायचे, तिथून शुद्धीकरण केंद्रात आणि मग टँकरने वस्त्यांत. रेल्वेने गाडीला ‘जलदूत’ नाव दिले. ऑगस्टमध्ये ती थांबली तोवर शंभराहून अधिक फेऱ्या आणि २५ कोटी लिटरांहून अधिक पाणी झाले होते.

मिरज ते लातूर हे अंतर सुमारे ३४२ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सगळी कॅलथ्रॉपचीच जुनी वाट. दहा वर्षे आधी हा दुष्काळ पडला असता तर हे घडू शकले नसते. मिरज-पंढरपूर तेव्हा नॅरोगेज होते. ब्रॉडगेजची तेलवाघीण त्यावर चढलीच नसती आणि पाणी गुळाच्या ढेपेप्रमाणे उचलून दुसऱ्या गाडीत ठेवता येत नाही. ज्यांनी दोन दशके या गेजबदलासाठी अर्ज-निवेदने दिली, संसदेत प्रश्न विचारले, त्यांच्यापैकी कोणाच्याही मागणीत पाण्याच्या गाडीचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते. तरी त्यांच्या चिकाटीचे सगळ्यांत मोठे फळ तेच ठरले.

या गाडीबद्दल टीकाही झाली आणि ती योग्य होती. उसाला पाणी मिळते त्या प्रदेशात शहर तहानेले का राहते, हा प्रश्न जलदूतने सुटला नाही. पण त्या उन्हाळ्यात हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला धोरणाआधी पाणी हवे होते, आणि ते रुळांवरून आले.

चार वर्षांनी याच वाटेवर दुसरा माल चढला. सांगोला म्हणजे डाळिंबाचा तालुका. कमी पावसाच्या मुरमाड जमिनीत शेतकऱ्यांनी हे पीक उभे केले. २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत बाजारपेठा तुटल्या, त्याच ऑगस्टमध्ये किसान रेल्वे सुरू झाली आणि तिची एक साखळी सांगोल्यापासून जोडण्यात आली. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारसाठी. पूर्वी जिथे वारकरी बोचकी सांभाळत गाडीची वाट बघत, त्या स्टेशनात आता डाळिंबाचे क्रेट रचले जात होते. फळे-भाज्यांच्या भाड्यात ५० टक्के सवलत होती तोवर हे चांगले चालले. सवलत गेली तशा गाड्याही कमी होत गेल्या. शेतकऱ्याने पीक थांबवले नव्हते, आडत्याने खरेदी थांबवली नव्हती. रेल्वेचा दर ट्रकपेक्षा जड झाला एवढेच.

माणसांच्या गाड्यांचेही कोविडने मोठे नुकसान केले. मार्च २०२० मध्ये सगळ्या थांबल्या. पुन्हा सुरू होताना प्रत्येक गाडी जशीच्या तशी परत आली नाही. मुंबई-कोल्हापूर सह्याद्री एक्स्प्रेस कित्येक वर्षे बंद राहिली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आली ती पुण्यापर्यंतच. पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लागले, त्यामुळे १० रुपयांचे किमान तिकीट ३० झाले. रुकडी-हातकणंगलेहून रोज कोल्हापूरला कामाला येणाऱ्याच्या महिन्याच्या हिशेबात हा मोठा आकडा होता. २०२४ च्या सुरुवातीला तो पुन्हा १० वर आला. सोलापूरच्या जुन्या गाडीची जागा कलबुर्गी-कोल्हापूर एक्स्प्रेसने घेतली, आणि पंढरपूरमार्गे रोज कोल्हापूर गाठणारी ती मुख्य गाडी झाली.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे-कोल्हापूर वंदे भारत सुरू झाली. पुण्याच्या बाजूला नवा कोरा रेक मिळतो, हे कोल्हापूरला कळून चुकले आहे. पूर्वेच्या बाजूची मागणी त्याहून साधी आहे: दिवसाउजेडी कोल्हापूरहून निघून पंढरपूरला दर्शन करून रात्री परतता येईल अशी एक गाडी, वारीच्या दिवसांत जादा सोडतात तशी तात्पुरती नव्हे, बारमाही. तिला कवठेमहांकाळ आणि ढालगावला थांबा हवा, मिरजेच्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांना सकाळी वेळेत पोहोचवील असे वेळापत्रक हवे, आणि सांगोल्याच्या डाळिंबासाठी मागे एक पार्सल डबा हवा.